गोणपाटाची गोधडी

कफ्र अबू नईम
शनिवार, २८ मे १९८८

पोरी रावया,

तुझ्यावर अल्लाहची शांती आणि कृपा असो.

बटाट्याची काढणी संपली. मंगळवारी शेवटचा वाफा उपसला आणि काल जुम्म्याच्या नमाजानंतर बेणं कोठीत भरलं. या वर्षी अकरा घरांचं बेणं माझ्याकडे आहे. कालव्याकाठची तीच कोठी, जिच्या मातीच्या भिंतींना टेकून तू उन्हाळ्याच्या दुपारी झोपायचीस. माझ्या वडिलांपासून लोक विश्वासाने इथे बेणं ठेवतात आणि ऑक्टोबरात लावणीला घेऊन जातात. दार लावलं की मला दरवर्षी वाटतं, आता चार महिने अल्लाह राखील, आपण फक्त कडी सांभाळायची. या वर्षी मात्र अंग इतकं मोडून आलं होतं की कडी लावून तिथेच उंबऱ्यावर बसून राहिलो.

ढिगांवर या वेळी भाताचा पेंढा घातला नाही. गेल्या वर्षी पेंढ्यात उंदरांनी पिल्लं घातली होती, आठवतं ना? तुझी काकू म्हणाली, "उंदरिणींच्या बाळंतपणाचा मी काही ठेका घेतलेला नाही." तिने जुनी तागाची पोती उसवली, एकाला एक जोडून शिवली आणि कोठीभर पुरेल एवढी गोधडी केली. वीस दिवस शिवत होती. बोटं सुजली तिची. गोधडी पसरली, तिच्यावर कुराणातली राखणीची आयत-उल-कुर्सी वाचून फुंकर घातली. आता एक बटाटाही उघडा नाही.

दुसरी गोष्ट सांगायची म्हणूनच पत्र लिहायला घेतलं आणि बटाट्यांतच अडकून बसलो. तुझी आई मबरूका मला बुधवारी गिरणीपाशी भेटली. तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला आहे. टांटा शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली हिवाळ्याआधी जाईल. ती म्हणाली, "भाऊजी, पोरीला एकदा बघू द्या. दिसतंय तोवर."

मी म्हटलं, कळवतो. कळवलं. जायचं की नाही ते तू ठरव, तुझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. तू तिच्याविना वाढलीस, शिकलीस, हे तिलाही ठाऊक आहे.

काकू विचारते, वसतिगृहात जेवायला काय देतात. खरं लिही.

तुझा काका
बय्यूमी


गीझा
१० जून १९८८

काका, सलाम.

काकूला सांगा, डाळ देतात, आणि ज्या दिवशी डाळ नसते त्या दिवशी डाळीचं पाणी देतात. मी बरी आहे.

प्रयोगशाळेत डॉक्टरबाईंनी मला बटाट्याच्या पाकोळ्या, म्हणजे बटाट्याला कीड लावणारे बारके पतंग, दिल्या आहेत. मोजायच्या पाकोळ्या नाहीत, त्यांची अंडी. ओळीने जाळीचे पिंजरे आहेत. एकात नुसता बटाटा, एकात माती लागलेला, एकात कापडाखाली झाकलेला, एकात काहीच नाही. रोज सकाळी भिंगाखाली धरून, कोणी कुठे किती अंडी घातली ते मोजायचं. अंडं रव्याच्या कणाहून बारीक असतं. दुपारपर्यंत डोळ्यांसमोर सगळंच ठिपक्याठिपक्यांचं दिसू लागतं. बस चुकली तर चालत येते आणि चालता चालता वाटेवरचे खडे मोजते. अशी गत आहे.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर लिहिते. नाही. मी जाणार नाही.

ज्या पिंजऱ्यात बटाटा नाही, त्यातली पाकोळीसुद्धा अंडी घालते, काका. कोरड्या जाळीवर, काचेवर, जिथे पिल्लाला खायला तिळाएवढं काही नाही. घालते आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. हे पाहताना मला कोणाची आठवण झाली ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. ती मीत सरहानच्या गाडीवानाशी लग्न करून गेली तेव्हा पाच. मीत सरहान आपल्या गावापासून चार किलोमीटर आहे. वीस वर्षांत तिला चार किलोमीटर चालवले नाहीत. आता डोळे जायला लागले म्हणून मी आठवले का?

तिला हेच सांगा. शब्द थोडे मऊ करून सांगितलेत तरी चालेल, तुम्हाला ते जमतं.

माझी आई काकू आहे आणि बाप तुम्ही. दुसरं कोणी मला ठाऊक नाही.

रावया


कफ्र अबू नईम
२७ जून १९८८

पोरी रावया,

अल्लाहची शांती असो.

पत्र मिळालं. शेवटची ओळ मी काकूला वाचून दाखवली. ती चुलीपाशी होती. "धूर झालाय," म्हणून बाहेर गेली. चूल पेटलेली नव्हती.

मबरूकेला तुझा निरोप दिला.

मी आजकाल लवकर थकतो. फजरच्या नमाजाला उठतो तेव्हा ताजा असतो, पण ऊन वर आलं की वाटतं, दिवस माझ्यापेक्षा लांब आहे. उन्हाळा असा आहे की म्हैस कालव्यातून बाहेर यायला तयार नाही. न्हावी अतिय्या म्हणतो, "बय्यूमी, तुझं वय झालं नाही, तुझं गप्प बसणं वाढलंय. गप्प बसायला ताकद फार लागते." त्याला दोन्हीचं काय कळतं. तो दिवसभर बोलतो.

तुला विचारायचं होतं. संध्याकाळी मगरिबच्या अजानीच्या सुमारास कोठीचं दार उघडलं की पाकोळ्या उडतात. करड्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या. दरवर्षी एखाददुसरी असते. या वर्षी कंदील नेला तर काचेला चिकटतात. पण ढीग पूर्ण झाकलेले आहेत. शेतातसुद्धा मी काढलेले बटाटे रोज संध्याकाळी त्यांच्याच पाल्याने झाकत होतो, वडील झाकायचे तसे. कोठीत गोधडी आहे, तिला फट म्हणून नाही. बटाट्याला पाकोळीचा पायसुद्धा लागणार नाही. मग त्या तिथे कशासाठी जमतात?

सहकारी संस्थेचा माणूस पांढरी भुकटी घेऊन आला होता. म्हणाला, "ढिगावर मार, महिनाभर बघायला नको." मी म्हटलं, लावून उरलेलं बेणं लोक शिजवून खातात. तो म्हणाला, "मग त्यांना सांगा, धुऊन खा." मी भुकटी घेतली नाही. तू शिकलेली आहेस. दुसरं काही असेल तर सांग.

तुझा काका
बय्यूमी


गीझा
१५ जुलै १९८८

काका, सलाम.

पत्र मिळताच लिहिते आहे. गोधडी काढा. आजच काढा.

मी पाच आठवडे जे मोजलं ते सांगते. स्वच्छ धुतलेल्या गुळगुळीत बटाट्यावर पाकोळी फार कमी अंडी घालते. घातलीच तर डोळ्यांच्या खळग्यांत. माती लागलेल्या बटाट्यावर पुष्कळ. पण सगळ्यांत जास्त कुठे, सांगा. बटाट्यावर टाकलेल्या गोणपाटावर. खडबडीत धाग्यांच्या बेचक्यांत. एका तळहाताएवढ्या तुकड्यावर एका दिवसात मी एकशे बारा मोजली. बटाटा खाली झाकलेला, तिला दिसत नव्हता, शिवता येत नव्हता. पण वास येत होता ना! तिला आत जाता आलं नाही, म्हणून जवळात जवळ जिथे टेकता आलं तिथे तिने घातली. चार-पाच दिवसांत अळी निघते, ती स्वतः चालत जाते. विणीतून खाली उतरते आणि डोळ्यातून बटाट्यात शिरते. आपण झाकून तिला थोपवत नाही, काका. आपण तिला बसायला जागा करून देतो. शेतात पाल्याने झाकतो तेही तसंच.

गोधडी उकळत्या पाण्यात घाला. काकूला वाईट वाटेल, माझ्या नावावर ढकला. एकेक बटाटा हातात घेऊन बघा. डोळ्यापाशी काळी भुशी दिसली की आत अळी आहे. ते बाजूला काढा, पुरून टाका. चांगल्यांवर कोरडी बारीक वाळू पसरा, बोटभर जाड.

आणखी एक. मागच्या पत्रात मी रिकाम्या पिंजऱ्याचं लिहिलं होतं. ते अर्धंच लिहिलं होतं. वहीत पुन्हा पाहिलं. बटाटा नसलेल्या पिंजऱ्यातली पाकोळी पहिल्या दिवशी अंडी घालत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. पोट फुगलेलं असतं आणि ती जाळीवर फिरत राहते. पाचव्या दिवशी तिच्याने राहवत नाही. मी फक्त पाचवा दिवस सांगितला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, निरीक्षण असं अर्धं लिहिणाऱ्यांना त्या प्रयोगशाळेत ठेवत नाहीत. मी लाजले.

ईदला येता येणार नाही. पिंजऱ्यांना सुट्टी नसते. माझ्या वाटणीचं मांस अतिय्याला द्या, म्हणजे थोडा वेळ तरी त्याचं तोंड दुसऱ्या कामात राहील.

रावया


कफ्र अबू नईम
शनिवार, ३० जुलै १९८८

पोरी रावया,

अल्लाहची शांती असो.

ईद झाली. तुझं पत्र ईदच्या आदल्या दिवशी आलं आणि आम्ही त्याच दिवशी गोधडी काढली. काकूने तिची एक बाजू धरली, मी एक. उलटी करून उन्हात धरली. धाग्याधाग्यात पांढरे कण बसलेले, जणू कोणी मीठ शिंपडलं आहे. काकू म्हणाली, "वीस दिवस शिवली. यांच्यासाठी शिवली होय?" कढईत पाणी तापत होतं. तिने स्वतःच्या हाताने घातली.

खालचे बटाटे पाहिले. वरच्या थरात तिसरा-चौथा किडलेला. आतले बरे आहेत. अजून निवडतो आहे. बसून बसून पाठ धरते. निवडताना हात चालू असतात आणि मन मोकळं असतं, हीच त्यात खोट आहे. सहा दिवस निवडतो आहे आणि सहा दिवस तुझ्या पत्रातलं एकच वाक्य डोक्यात फिरतं आहे. तिला आत जाता आलं नाही, म्हणून जवळात जवळ जिथे टेकता आलं तिथे.

आता जे लिहितो ते तू बसून वाच.

मबरूका आली होती. लग्न होऊन गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आली. मग दर गुरुवारी येत राहिली. सात गुरुवार. तू तिच्या मांडीवर बसायचीस, आणि ती गेली की शनिवारपर्यंत जेवायची नाहीस. दारात जाऊन उभी राहायचीस. काकूने कवटाळलं की तिला चावायचीस. आम्हाला मूल नव्हतं हे तुला ठाऊक आहे. ते दुःख काकूने कधी बोलून दाखवलं नाही, पण तुझ्या दातांचा वळ दंडावर घेऊन ती ओट्यावर बसली होती, ते मला अजून दिसतं.

आठव्या गुरुवारी मी मबरूकेला दाराबाहेर गाठलं. म्हटलं, "पोर आता आमची आहे. बाप गेलेलं मूल बापाच्याच घरी वाढतं, सगळ्या गावात तसंच आहे. तू येतेस आणि ती जळते. पुन्हा येऊ नकोस."

ती म्हणाली, "महिन्यातनं एकदा तरी, भाऊजी?"

मी म्हटलं, "नाही."

"दारातनं बघून जाईन. तिला कळणार नाही."

मी म्हटलं, "मीत सरहानच्या वाटेला मी माणूस उभा करीन." माणूस कुठला उभा करणार होतो? पण तिने विश्वास ठेवला.

रीत आमच्या बाजूने होती. कोणी मला वाईट म्हटलं नाही. माझ्या आईने तर त्या रात्री माझ्या ताटात जास्तीचं भाजलेलं कबुतर वाढलं. पण पोरी, तू पुढे विचारू लागलीस, "आई का येत नाही?" तेव्हा मी म्हणत होतो, "अल्लाह जाणे." अल्लाहचं नाव मी खोटं झाकायला वापरलं. पाच वेळा त्याच्यापुढे उभा राहतो आणि वीस वर्षं हे त्याच्याही पुढे कधी नीट उच्चारलं नाही.

ती मंगळवारच्या बाजारात बसू लागली. बाजार चौकात भरतो, पण ती चौकात बसत नसे. गिरणीच्या कोपऱ्यावर एकटी, भाजीची टोपली घेऊन. तिथे गिऱ्हाईक कोण येतं? मी ओळखलं होतं ती तिथे का बसते. तुझ्या शाळेची वाट तिथून जाते. मी तिला तिथून उठवलं नाही. एवढ्यावरच मी स्वतःला दयाळू समजत आलो. तू टांट्याला शिकायला गेलीस त्या वर्षीपासून ती गिरणीवर बसायची बंद झाली.

आणि अजून एक आहे. तुझं "नाही" मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं असं लिहिलं ते खोटं होतं. निरोप दिला असता तर तिने मला विचारलं असतं, "पोरीला तू काय सांगत आलास?" म्हणून टाळलं. ती अजून वाट बघते आहे. ईदच्या दिवशी तिचा मोठा मुलगा विचारायला आला होता. मी म्हटलं, टपालाला उशीर होतो.

काकूला यातलं सगळं ठाऊक आहे. तिचा दोष नाही. ती तेव्हा एकदाच म्हणाली होती, "येऊ दे तिला, मी चावून घेईन." मी ऐकलं नाही.

तू माझ्याविषयी काय ठरवशील ते तुझ्या हाती. तिच्या डोळ्यांना मात्र वेळ नाही.

बय्यूमी


कफ्र अबू नईम
शुक्रवार, २६ ऑगस्ट १९८८

रावया,

चार आठवडे झाले. पोस्टमन सायकलवरून दुरूनच हात हलवतो. विचारावंही लागत नाही.

निवड संपली. एक तृतीयांश बेणं पुरलं. उरलेल्यावर वाळू पसरली, पाकोळ्या कमी झाल्या. आज नमाजानंतर मशिदीच्या अंगणात अकरा घरांच्या माणसांना थांबवलं आणि सांगितलं की झाकण्याची चूक माझी, नुकसान आधी माझ्या वाटणीतून भरलं जाईल. कोणी हरकत घेतली नाही. अतिय्याच तेवढा म्हणाला, "पोत्यावर आयत फुंकली होतीस ना? पाकोळीला वाटलं, आपल्यालाच दुआ देतोय." सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि आडवा झालो तो दुपार कलून असरची अजान होईपर्यंत उठलो नाही.

परवा मीत सरहानला गेलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. तुला सांगून टाकलं आहे, हे मबरूकेला सांगायला गेलो. ती अंगणात भेंडी मोडत होती. बोटांनी चाचपून. मी सगळं बोललो. तिने एवढंच विचारलं, "पत्र खरंच पेटीत टाकलंस? की खिशात आहे?"

मी म्हटलं, "टाकलं."

"वल्ला म्हण. अल्लाहची शपथ घे."

म्हटलं.

"मग बस. चहा घेऊन जा. ऊन आहे."

मी चहा घेतला. साखर जास्त होती. मी जास्त साखर घेत होतो तेव्हाची तिला आठवण होती, आता मला चालत नाही. सगळा प्यालो.

बय्यूमी


गीझा
८ सप्टेंबर १९८८

काका,

मी मंगळवारी मीत सरहानला गेले होते. तुमच्या घरापासून चार किलोमीटरवर आले आणि तुमच्याकडे आले नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते.

तुमचं पत्र वाचल्यावर महिनाभर मी अंडी मोजली. दुसरं काही केलं नाही. आकडे चुकले, पुन्हा मोजली. मला सारखी गिरणीच्या कोपऱ्यावरची बाई आठवत होती. चेहरा नाही, फक्त हात. हिरव्या हरभऱ्याचा घाटा माझ्यासमोर धरलेला हात. मी धावत पुढे जायचे, कारण तुम्ही सांगितलं होतं, बाजारात अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही. मी शहाणी मुलगी होते. तिच्या हातून एकदाही काही घेतलं नाही. तेरा वर्षं.

तिला आता मधलं थोडंसंच दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. कडेचं सगळं गेलं आहे. तिने मला दारात उजेडाकडे तोंड करून उभं केलं आणि कोंबडी मान हलवते तशी मान हलवत भागाभागाने पाहिलं. एक डोळा. मग दुसरा. मग नाक. हनुवटीवर आली की म्हणायची, "थांब, कपाळ विसरले," आणि पुन्हा वरून सुरू करायची. दुपारभर मी उभी होते. पाय दुखले पण बसले नाही. शेवटी म्हणाली, "आता जोडून घेईन मी सावकाश."

तुमच्याबद्दल ती वाईट बोलली नाही. म्हणाली, "त्याने तुला शिकवलं. माझ्याकडे असतीस तर सोळाव्या वर्षी मी तुला कुणाच्या तरी शेळ्यांमागे लावलं असतं." मला त्याचाही राग आला. तिने तरी माझ्या वतीने रागवायला हवं होतं.

मी दर दोन आठवड्यांनी जाणार आहे. तुम्ही सध्या मला लिहू नका. तुम्ही लिहिलंत की मला तुमची दया येते आणि मला ती आत्ता यायला नको आहे.

काकूला सलाम. तिला म्हणावं, चावल्याचं मला आठवत नाही, पण माफ कर.

रावया


कफ्र अबू नईम
शुक्रवार, ७ ऑक्टोबर १९८८

मबरूका वहिनी,

तुझ्यावर अल्लाहची शांती असो.

तुला वाचता येत नाही, आणि तुझी मुलं दिवसभर गाडीवर असतात. हे पत्र तुला कोण वाचून दाखवील याचा मी अंदाज केला आहे. तिने मला लिहू नको म्हटलं आहे. मी तिला लिहीत नाही. तुला लिहितो आहे. ही पळवाट आहे हे मला कळतं. तिला आवडली नाही तर तिने इथेच घडी घालावी आणि तुला सांगावं की बय्यूमीने पावसापाण्याचं लिहिलं आहे.

लावणी झाली. अकराच्या अकरा घरांचे वाफे भरले, काहींचे थोडे विरळ. आता उगवण बघायची. मी रोज सकाळी जातो आणि ढेकळं उकरून कोंब बघतो, मग पुन्हा झाकतो. काकू म्हणते, "असं सारखं बघितल्याने ते लवकर येत नाहीत." तिला सांगता येत नाही की मी फक्त काहीतरी बघायला जातो.

वहिनी, माझा भाऊ रक्त ओकून गेला तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस. दफनाआधी त्याचं अंग तू धुतलं नाहीस, तो मान पुरुषांचा. पण त्याच्या आधीचे तीन महिने तूच त्याला धूत होतीस, हे घरात मी सोडून कोणी पाहिलं नव्हतं. हे पाहिलेल्या माणसाने तुला दारातून परत पाठवलं. हे मला लिहायचं होतं. तुझ्या अंगणात बसून तोंडाने सांगता आलं नाही, चहा प्यालो आणि उठलो.

मी पोरीला तुझ्यापासून राखत होतो असं स्वतःला सांगत आलो. खरं तर मी माझ्या घरात एक मूल आहे, हे राखत होतो. ती आमच्या अंगणात खेळायची तेव्हा मला वाटायचं, अल्लाहने दिलं. त्याने दिलं नव्हतं. तुझं होतं आणि मी दार लावलं होतं.

वाचणारीने इथे थोडं थांबावं. पाणी प्यावं.

माफी मागण्याचाही एक काळ असतो, तो माझ्या हातून गेला हे मी जाणतो. तरी मागतो. तू दिलीस तर तुझा मोठेपणा. नाही दिलीस तर मी तक्रार करणार नाही. माझं म्हणून जे काही त्या घरात आहे, त्यात यापुढे असं काही नको की जे तुझ्यापासून झाकावं लागेल. म्हणून एवढंच कळवतो की आमचं दार गुरुवारी उघडं असतं. तसं इतर दिवशीही असतं. काकू तुला हाताला धरून आणायला कालव्यापर्यंत येईल, मी घरात नको असेन तर मी शेतावर जाईन.

उत्तर नको. टपालाला खरोखरच उशीर होतो.

वाचणारीला माझा सलाम सांग.

बय्यूमी


मीत सरहान
मंगळवार, १८ ऑक्टोबर १९८८

काका,

पत्र वाचून दाखवलं. पाणी प्यायला सांगितलंत तिथे मी थांबले नाही, सलग वाचलं. आई भेंडी मोडत होती ती थांबली होती. झाल्यावर म्हणाली, "पुन्हा वाच. हळू."

मी पुन्हा वाचलं. हळू. त्या वेळी थांबावं लागलं.

रावया